पाठलागाचे संकट आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नवी मुंबई येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलन म्हटले की गुणवंतांचा सत्कार, विद्यार्थ्यांना पारितोषिके, वधूवरांचा परिचय आणि शेवटी सहभोजन, असा आपला वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. अशा मंगल प्रसंगी एका अप्रिय विषयावर बोलावयाचे, हे कित्येकांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत होत नाही, ती घराघरांत एकेकट्याने सोसावी लागते. आणि चारचौघांत बोलण्याचे आपले हक्काचे ठिकाण म्हणजे हे मंडळ. यास्तव मुलींच्या व स्त्रियांच्या पाठलागाविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. पाठलाग म्हणजे काय, तो घरांत झाकून का ठेवला जातो, त्यापासून स्वतःचे रक्षण कसे करावे आणि त्यात ज्ञातीचे कर्तव्य काय, हा आमच्या बोलण्याचा क्रम राहील.

पाठलाग हा शब्द आपण एरवी चोराच्या मागे धावणाऱ्या शिपायासंबंधी योजितो. आज ज्याविषयी बोलावयाचे त्यात सारेच उलटे आहे. अपराधी मागे असतो आणि जिने काही केले नाही ती जीव मुठीत धरून पुढे चालत असते. रस्त्यात कोणी एकदा वाकडे बोलला, तर तो असभ्यपणा झाला. पाठलागाचे लक्षण निराळे आहे. नको म्हणून सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा येणे, हे ते लक्षण होय. रोजच्या गाडीच्या वेळी फलाटावर त्याच जागी उभे राहणे. फोन करून न बोलता ठेवून देणे. एक क्रमांक बंद केला की दुसऱ्यावरून निरोप धाडणे. मैत्रिणीकडे, धाकट्या भावाकडे तिची चौकशी करणे. इमारतीसमोर दुचाकी लावून खिडकीकडे पाहत बसणे. वाढदिवसाला दारात फुले ठेवून जाणे. सुटे सुटे पाहिले तर यांतील एकही गोष्ट पोलिसांत सांगण्याजोगी वाटत नाही. फुले ठेवणे हा काय गुन्हा झाला, असे कोणीही विचारील. या गोष्टींचा अर्थ त्यांच्या मोजणीत आहे. ओढ्याचे पाणी ओंजळीत घेतले तर निरुपद्रवी दिसते. पुराचा अंदाज ओंजळीवरून करावयाचा नसतो.

आपण या गोष्टीला आजवर जी नावे दिली, त्यांनीच तिचे खरे स्वरूप झाकले आहे. कोणी तिला ‘छेडछाड’ म्हणतो, जणू तो थट्टेचाच एक प्रकार. वर्तमानपत्रे ‘रोडरोमिओ’ लिहितात आणि वाचणाऱ्याला हसू येते. सर्वांत घातक नाव म्हणजे ‘एकतर्फी प्रेम’. आमच्या मते या शब्दजोडीने महाराष्ट्रातील मुलींचे जितके नुकसान केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याची भीती, त्याची झोप, त्याचे शिक्षण, त्याची नोकरी यांची ज्याला पर्वा नाही, त्याच्या मनात दुसरे काहीही असेल. ते प्रेम नव्हे. तो ताबा सांगण्याचा हट्ट आहे. नाव चुकले म्हणजे उपायही चुकतो. प्रेम म्हटले की आपण समजूत घालावयास बसतो; हट्ट म्हटला की बांध घालावयास निघतो.

हा हट्ट कोठवर जातो, हे आपल्या नवी मुंबईच्या परिसराने पाहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये लोकलगाडी उरणपर्यंत पोचली, तेव्हा साऱ्या परिसरात आनंद झाला. त्याच उरणची वीस वर्षांची एक तरुणी २५ जुलै २०२४ रोजी घरून निघाली, ती परतली नाही. २७ जुलैच्या पहाटे उरण स्थानकाच्या परिसरात तिचा मृतदेह आढळला. ३० जुलैला नवी मुंबई पोलिसांनी संशयितास कर्नाटकातून अटक केली. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम आहे, म्हणून त्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. परंतु या प्रकरणातील एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच इसमाविरुद्ध मुलगी अज्ञान असताना, २०१९ साली, तिच्या घरच्यांनी तक्रार दिली होती. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. तो तुरुंगात गेला. आणि पुढे तो जामिनावर सुटला. म्हणजे त्या आईबापांनी जे करावयास हवे होते ते केले होते. मध्ये पाच वर्षे गेली. मुलीचे नाव आम्ही घेत नाही; तिच्या घरच्यांचे दुःख व्याख्यानाचा विषय होऊ नये. त्या पाच वर्षांची आठवण मात्र आपल्याला ठेवावीच लागेल. तक्रार नोंदली म्हणजे प्रकरण संपले, असे पाठलागाच्या बाबतीत कधीही समजू नये, हा तिचा अर्थ आहे.

ही काही एकच घटना नव्हे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात शालान्त परीक्षेच्या दालनातच एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले. मे २०१३ मध्ये नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यास दिल्लीहून आलेल्या तरुणीवर वांद्रे टर्मिनसच्या फलाटावर आम्ल फेकण्यात आले आणि पुढच्या महिन्यात ती मरण पावली. फेकणारा तिच्या दिल्लीच्या घराशेजारचा होता आणि त्याच गाडीने मागोमाग आला होता. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कामावर निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटविण्यात आले; सात दिवसांनी तिची प्राणज्योत मालवली. तो तिच्याच गावचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. हे हल्लेखोर कोणी आकाशातून पडलेले परके नव्हते. कोणी शेजारचा, कोणी गावचा, अशी ही ओळखीची माणसे होती.

सर्व पाठलाग खुनापर्यंत जातात असे नव्हे. पुष्कळसे त्याच्या कितीतरी अलीकडे थांबतात. पण कोणता थांबेल आणि कोणता थांबणार नाही, हे अगोदर सांगता येत नाही. पॉल मलेन आणि त्यांच्या सहकारी मनोविकारतज्ज्ञांनी अशा माणसांचा अभ्यास करून १९९९ साली त्यांचे पाच प्रकार सांगितले. संबंध तुटल्याचा राग धरणारा पूर्वीचा पती वा मित्र. आपल्यातच आणि तिच्यात दैवी नाते आहे अशा भ्रमात राहणारा. स्त्रीशी ओळख कशी करावी हेच न कळणारा अडाणी इच्छुक. कसला तरी सूड उगविणारा. आणि शिकाऱ्याप्रमाणे दबा धरून बसणारा. यांतील पहिला प्रकार धोक्याचा मानला जातो, कारण त्याला तिचे घर, तिच्या वेळा, तिच्या सवयी ठाऊक असतात. विभक्त राहणाऱ्या विवाहितेला जो नवरा रोज दारात येऊन त्रास देतो, त्याला आपण ‘नवराबायकोचे भांडण’ म्हणतो. आमच्या मते तोही पाठलागच होय.

आता दुसरी गोष्ट. असे असूनही हे घरात झाकून का राहते? उत्तर कडू आहे. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितल्याची शिक्षा तिलाच होईल हे तिला माहीत असते. कोणी मागे लागला आहे असे कळले की पहिला प्रश्न निघतो, “तुझ्याच मागे का लागला?” मग महाविद्यालय बंद होते, मोबाईल काढून घेतला जातो, शिकवणी सुटते, नोकरी सुटते आणि घाईघाईने स्थळ पाहून लग्न उरकले जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण नित्य वापरतो आणि स्वतःच्या घरात ती आचरणातही आणतो. मुलगी शहाणी असते. ती हा हिशेब करते आणि गप्प बसते. पाठलाग करणाऱ्याचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तिचे हे मौन होय. आणि ते मौन आपणच त्याच्या हाती देत असतो.

त्यातून नव्या शहराची रचना. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीच्या या तीरावर नवी वस्ती उभी राहू लागली. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे गाव सोडून वाशी, नेरुळ, बेलापूर, पनवेल, खारघर येथे स्थायिक झाली. गावात परका माणूस पाणवठ्यावर दोनदा दिसला तरी दहा डोळे त्याच्याकडे वळत. येथे स्थानकाबाहेरच्या विस्तीर्ण आवारात तोच माणूस महिनाभर उभा राहिला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीची वेळ ठरलेली, डबा ठरलेला, भुयारी मार्ग ठरलेला, रिक्षाचा थांबा ठरलेला. नोकरी करणाऱ्या मुलीचा दिवस घड्याळासारखा चालतो आणि त्याच घड्याळावर दुसरा कोणी आपले घड्याळ लावून बसतो. गावचे दहा डोळे येथे नाहीत. म्हणून ते डोळे आपल्याला जाणीवपूर्वक निर्माण करावे लागतील.

तिसरी गोष्ट उपायांची. ती आम्ही विशेषतः आमच्या भगिनींना आणि मुलींना उद्देशून सांगतो.

प्रथम आपल्या मनाच्या कौलावर विश्वास ठेवा. तोच चेहरा तीन ठिकाणी दिसला आणि पोटात गोळा आला, तर “मला उगाच वाटत असेल” असे म्हणून ते झटकून टाकू नका. घरातील एका माणसाला आणि घराबाहेरील एका मैत्रिणीला किंवा सहकाऱ्याला त्याच दिवशी सांगा.

ओळखीचा इसम असेल आणि त्याने अजून धमकी दिलेली नसेल, तर नकार एकदाच, स्पष्ट आणि लेखी द्यावा. “मला तुमच्याशी कोणताही संबंध ठेवावयाचा नाही. यापुढे माझ्याशी संपर्क साधू नये.” इतकी दोन वाक्ये पुरेत. त्यात कारणे नकोत, क्षमायाचना नको, “सध्या अभ्यास आहे”, “घरचे ऐकणार नाहीत” असली सबब नको. आपल्याकडे मुलींना मृदू बोलण्याचे वळण असते. परंतु सबब सांगितली की त्याला वाटते, सबब दूर झाली म्हणजे होकार येईल. नकार दिल्यावर मात्र संपूर्ण मौन पाळावे. तीस वेळा फोन आला आणि एकतिसाव्या वेळी रागाने का होईना तुम्ही बोललात, तर एकतीस फोन केले की ती बोलते, एवढाच धडा तो घेतो. “शेवटचे एकदा भेट” या विनंतीला कधीही, कोणत्याही दयेने, जाऊ नये. आणि धमकी आलेली असेल, तर हा लेखी नकाराचा खटाटोप न करता थेट पोलिसांकडे जावे.

तिसरा उपाय नोंदवहीचा. साधी शाळेची वही घ्यावी आणि प्रत्येक प्रसंग तारीखवार टिपावा. उदाहरणार्थ: “सोमवार, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे, नेरुळ स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत मागे उभा, दुचाकीचा क्रमांक अमुक, बरोबर मैत्रीण होती, तिने पाहिले.” आम्ही मघाशी म्हटले की पाठलागाचा अर्थ मोजणीत आहे, ही वही म्हणजे ती मोजणी होय. पोलीस ठाण्यात “तो मला फार त्रास देतो” असे रडत सांगणे आणि सहा आठवड्यांतील तेवीस नोंदी मांडणे, यांत मोठे अंतर आहे. निरोप, छायाचित्रे, आवाजाचे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत. क्रमांक व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, मूळ मोबाईलही जपून ठेवावा आणि मगच तो क्रमांक बंद करावा. इमारतीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीत काही टिपले गेले असेल, तर ते जपून ठेवण्याविषयी सोसायटीच्या चिटणीसाला ताबडतोब लेखी कळवावे. कारण अशी चित्रे थोड्याच दिवसांत आपोआप पुसली जातात.

पाळत आता खिशातूनही ठेवली जाते. परवलीचा शब्द दुसऱ्याला दिलेला असेल, जुन्या मोबाईलवर आपले खाते उघडे राहिले असेल, नकाशावर आपले ठिकाण कोणाला दिसत असेल, तर पाठलाग करणाऱ्याला रस्त्यावर उभे राहण्याचीही गरज उरत नाही. परवलीचे शब्द बदलावेत, खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे ते पाहून तेथून ते बंद करावे. पर्समध्ये किंवा दुचाकीत टाकता येईल असे नाण्याएवढे मागोवा घेणारे यंत्रही हल्ली मिळते. असे अनोळखी यंत्र आपल्याबरोबर फिरत असल्याची सूचना आजचे बहुतेक मोबाईल देतात, ती दुर्लक्षू नये. ‘स्टेटस’वर आपण आत्ता कोठे आहोत ते तेथे असतानाच जगाला सांगू नये, परत आल्यावर खुशाल सांगावे.

आणि धोक्याची चिन्हे ओळखावीत. “तुला मारीन” या धमकीइतकीच “मी जीव देईन” ही धमकीही गंभीर समजावी. घरापर्यंत येणे, वस्तूंची मोडतोड करणे, शस्त्र किंवा आम्ल यांचा उल्लेख करणे, एकाएकी त्रास वाढणे, यांतील काहीही दिसले तर एक दिवसही थांबू नये. तिचा साखरपुडा ठरला, तिने तक्रार दिली, तो जामिनावर सुटला, हे क्षण विशेष जपण्याचे. त्या काळात एकटीने जाणे-येणे टाळावे, वेळा व मार्ग बदलावेत. ही व्यवस्था करणे मात्र तिच्या घरच्यांचे काम आहे. तिची नोकरी सोडवणे हा त्याला पर्याय नव्हे.

आता कायद्याविषयी. १९९० साली उल्हासनगरच्या त्या मुलीच्या वडिलांना ‘पाठलाग’ या नावाखाली तक्रार देताच आली नसती, कारण तसा गुन्हाच आपल्या कायद्यात नव्हता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९० साली असा कायदा केला. जपानने २००० साली केला. आपल्याकडे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड दाखल झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात हा गुन्हा कलम ७८ खाली येतो. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यावरही तिच्यामागे वारंवार जाणे व संपर्क साधणे, किंवा तिच्या मोबाईल-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. धमकी, आम्लहल्ला यांसाठी कलमे निराळी आहेत. ती लागू होत असतील तर तक्रारीत त्या घटना स्पष्ट लिहाव्यात. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा लागतो आणि त्यात वारंवार मागे जाणे व पाळत ठेवणे यांचाही समावेश आहे. पतीकडून त्रास असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी त्याला तिच्या घरी, कामावर जाण्यास व संपर्क साधण्यास मनाई करू शकतात. ती मोडणे हा गुन्हा आहे. कलम ७८ स्त्रियांसाठी आहे; परंतु मुलग्याचा कोणी असा छळ केला, तर धमकीची कलमे त्यालाही उपलब्ध आहेत, आणि त्यानेही लाजून गप्प बसू नये.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना वाशीला घडली आणि तुम्ही पनवेलला राहता, म्हणून परत पाठविण्याचा अधिकार कोणाला नाही. अशा गुन्ह्यात स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचे असते. नोंद झाल्यावर तिची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. नोंद नाकारली तर तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवावी. त्यानेही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. वकिलाची चिंता करू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेसाहाय्य मिळते. वाशी-नेरुळ-बेलापूरच्या भगिनींनी ठाण्याच्या आणि पनवेल-उरणच्या भगिनींनी रायगडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तातडीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, संगणकीय गुन्ह्यांसाठी १९३० आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावेत.

तक्रारीनंतरचे काम अधिक चिकाटीचे असते. आरोपी जामिनावर केव्हा सुटतो, कोणत्या अटींवर सुटतो, याची चौकशी घरच्यांनी करीत राहावी. पीडित व्यक्तीला जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे, तो वापरावा. जामिनावरील इसमाने पुन्हा एक जरी निरोप पाठविला, तरी तो नोंदवून जामीन रद्द करण्याचा अर्ज द्यावा. उरणच्या त्या पाच वर्षांची आठवण म्हणतो ती यासाठी.

शेवटची गोष्ट आपल्या मंडळाची. ती बोलताना आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत.

ज्ञातिमंडळांच्या वधूवर सूच्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मुलीचे छायाचित्र, संपूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि मोबाईल क्रमांक, हे सर्व एका पानावर असते. आणि ते पान व्हॉट्सॲपवरून कोठल्या कोठे जाते. ज्याला पाठलाग करावयाचा आहे त्याला याहून अधिक काय हवे? आमची सूचना अशी की सूचीत मुलीऐवजी पालकांचा क्रमांक किंवा मंडळाचा नोंदणी क्रमांक असावा. पत्त्याऐवजी केवळ गाव वा उपनगर आणि नोकरीच्या ठिकाणाऐवजी केवळ व्यवसाय असावा. अधिक माहिती मंडळाकडे ओळख पटवून मागणाऱ्यासच द्यावी. आणि स्थळाला नकार आल्यावर पुन्हा फोन करणाऱ्याची नोंदणी रद्द करावी, मग तो कितीही मोठ्या घरचा असो.

दुसरे, समेटाविषयी. असे प्रकरण कानी आले की आपण बैठक बसवितो. मुलगा मान खाली घालून क्षमा मागतो, कोणी म्हणतो “पोराचे आयुष्य वाया जाईल”, कोणी म्हणतो “झाकली मूठ सव्वा लाखाची”, आणि प्रकरण मिटले असे मानून सर्व घरी जातात. त्या मुठीत आपण मुलीचा जीव झाकलेला असतो. जमिनीच्या बांधाचा तंटा बैठकीत मिटतो, कारण दोघांचेही थोडे थोडे हक्क असतात. येथे एकाचा हक्क पूर्ण आहे आणि दुसऱ्याचा शून्य. मग मिटवावयाचे काय? ज्येष्ठांना मदत करावयाची असेल, तर त्यांनी त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्यात. दोन पांढऱ्या केसांची माणसे बरोबर असली की त्या मुलीचा बाप एकटा राहत नाही. गावचे दहा डोळे म्हणतो ते हेच.

तिसरे, लग्नाविषयी. साखरपुडा झाला की वराकडच्यांना निनावी पत्रे पाठविणे, छायाचित्रे धाडणे, हे या माणसांचे ठरलेले हत्यार आहे. ते चालते, कारण आपण त्याला भितो. वधूकडच्यांनी घडलेले वराकडच्यांना विश्वासात घेऊन आधीच सांगावे. आणि वराकडच्यांनी तक्रार देणाऱ्या मुलीच्या धैर्याचा मान राखावा. आपल्या ज्ञातीत अशा कारणाने एकही सोयरीक मोडणार नाही, असा ठराव या मंडळाने केला, तर ते हत्यार एका दिवसात बोथट होईल.

आणि शेवटी मुलग्यांविषयी. मुलींना आपण आजवर पुष्कळ उपदेश केला. केव्हा घरी यावे, काय नेसावे, कोणाशी बोलावे. मुलग्याला एक गोष्ट शिकवावयाची राहून जाते, ती म्हणजे नकार ऐकणे. मागितले ते मिळालेच पाहिजे, या लाडात वाढलेला मुलगा पहिला नकार परीक्षेत, दुसरा नोकरीत आणि तिसरा एखाद्या मुलीकडून ऐकतो. आणि तिसरा त्याला अपमान वाटतो. चित्रपटातला नायक मागे लागून लागून होकार मिळवितो, हे पाहताना बाजूला बसलेल्या बापाने एवढे तरी म्हणावे, “बाळ, हे पडद्यावर चालते. खऱ्या आयुष्यात याला कैद आहे.” आपला मुलगा कोणाच्या मागे लागला आहे असे कळले, तर त्याच्या आईबापांनी ते झाकू नये. त्याला त्याच दिवशी थांबवावे, गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. तो मुलगाही आपलाच आहे. त्याला तुरुंगापासून वाचविण्याचा मार्ग त्या मुलीला गप्प बसवण्यातून जात नाही.

ज्ञातीची प्रतिष्ठा म्हणजे काय, याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार केला. पुष्कळदा ती मुलीच्या पदराला बांधून ठेवली. आम्हांस वाटते, तो पदर आता मोकळा करावा. मुलीने घरी येऊन “कोणी माझ्या मागे येतो” असे सांगितले आणि घरच्यांनी तिला प्रश्न न विचारता पाणी दिले, वही काढली आणि चपला घातल्या, तर त्या घराची प्रतिष्ठा उणावत नाही. ज्या ज्ञातीतील मुलगी असे न भीता सांगू शकते, तीच प्रतिष्ठित ज्ञाती.